ताटातली डावी बाजू

लातूरच्या एका भगिनीचे पत्र आले आहे. सासूबाईंच्या डाव्या अंगावरून तीन महिन्यांपूर्वी वारे गेले. बोलणे स्वच्छ, नातवंडांची नावे, कोणाकडून किती येणे, सारे तोंडपाठ. पण जेवायला बसल्या की अर्धी भाकरी तशीच राहते, आणि वर "सूनबाई, चटणी वाढलीच नाहीस!" नांदेडहून आलेल्या नणंदबाईंनी चारचौघांत विचारले, "आईला पोटभर वाढतेस तरी का गं?" भगिनी लिहितात, "माझं काय चुकलं ते सांगा."

बाई, तुमचे काहीच चुकले नाही. सासूबाईंचेही नाही. चटणी, लिंबू, कोशिंबीर आपण ताटात कुठे वाढतो? डावीकडे! मेंदूच्या उजव्या भागाला इजा झाली की कित्येकदा डाव्या बाजूचे भानच हरपते. डोळ्यांना दिसते, पण मन तिकडे वळत नाही. डाव्या खांद्यावरचा पदर घसरला तरी कळत नाही, वेणी अर्धीच विंचरली जाते, डावा खांदा चौकटीवर आपटतो. (अर्धी नजरच गेली असेल तर ते निराळे. दोन्हींतले कोणते, हे डॉक्टरांनीच तपासायला हवे.)

नवल पुढेच आहे. इटलीतल्या मिलान शहरात बिझियाक आणि लुझ्झाती या दोघांनी 1978 साली अशा दोन रुग्णांची हकिगत छापली. शहरातला मोठ्या चर्चपुढचा चौक रुग्णांच्या चांगल्या ओळखीचा. चर्चकडे तोंड करून उभे आहोत असे मनात आणा आणि काय दिसते ते सांगा, म्हटल्यावर त्यांनी उजवीकडच्याच इमारती मुख्यतः सांगितल्या. मग म्हटले, आता चर्चच्या पायऱ्यांवरून उलट बघा. तर मघाशी गाळलेल्या इमारती सांगितल्या, आणि आधी सांगितलेल्या गाळल्या! म्हणजे आठवण शाबूत होती. मनातल्या चित्राचीच डावी बाजू हरवली होती. आपल्या गंजगोलाईत देवीच्या देवळाकडे तोंड करून निम्मीच दुकाने आठवावीत, आणि पलीकडे जाऊन उभे राहिले की उरलेली निम्मी, तसेच हे. तेव्हा "समोर तर आहे, दिसत नाही का?" म्हणून वाद घालण्यात अर्थ नाही.

ताटाच्या डाव्या कडेला लाल फीत चिकटवा. "आई, लाल फीत दिसेपर्यंत मान वळवा," असे प्रत्येक जेवणाला सांगा. तरीही राहिले तर ताट अर्धे फिरवा. गॅसपाशी मात्र एकट्या सोडू नका. डावा हात भाजला तरी लक्षात यायचे नाही. लातूरच्या विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्थेत दाखवा आणि डाव्या बाजूचे भान राहत नाही, हे आवर्जून सांगा, कारण घरचे लोक हातापायाचेच सांगतात. पुष्कळांना काही आठवड्यांत, महिन्यांत फरक पडतो. काहींचे थोडे राहून जाते.

आणि नणंदबाई पुन्हा आल्या की आईचे ताट फिरवायचे काम त्यांच्याच हाती द्या.