सर्जनचं नाव सगळ्यांना आठवतं

दोस्तांनो,

या वेळी पावसाळ्यातल्या बेडकांवर लिहायचं ठरवलं होतं. अर्धं लिहूनही झालं होतं. पण सोमवारच्या टपालात एक पत्र आलं आणि बेडूक पुढच्या आठवड्यावर गेले.

पत्र लिहिणारी मुलगी यंदा बारावी झाली आहे. राहते एका तालुक्याच्या गावी. 'नीट'ला चांगले गुण पडलेत आणि पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयातून, म्हणजे सगळे ज्याला ए.एफ.एम.सी. म्हणतात तिथून, बोलावणं आलंय. ती लिहिते, "काका, मुलाखतीत 'पुढे कशात तज्ज्ञ व्हायचंय' असं विचारतात म्हणे. बाबा म्हणतात, हार्ट सर्जन सांग. क्लासचे सर म्हणतात, 'देशाला जे लागेल ते करीन' असं सांग. मला खरं तर भूलतज्ज्ञ व्हायचंय. पण बाबा म्हणतात, ऑपरेशन झालं की सर्जनचं नाव सगळ्यांना आठवतं, भूल कोणी दिली ते कोण विचारतं? मग मी खोटं सांगू का?"

तुमच्यापैकी बऱ्याच जणांना वाटेल, मेडिकलला मुलाखत कसली? बरोबर आहे. आपल्याकडे एम.बी.बी.एस.चा प्रवेश 'नीट'च्या गुणांवर होतो. तुम्हाला काय आवडतं हे कोणी विचारत नाही. ए.एफ.एम.सी.चं तसं नाही. १९४८ साली सुरू झालेलं हे कॉलेज लष्करासाठी डॉक्टर घडवतं. त्यामुळे 'नीट'च्या गुणांवरून बोलावलेल्या मुलामुलींची तिथे आणखी परीक्षा होते, मुलाखत होते आणि शरीराची तपासणीही होते. इंग्लंड-अमेरिकेत तर मुलाखतीशिवाय डॉक्टरकीला प्रवेश मिळणं कठीणच.

आता या मुलीच्या प्रश्नाकडे येऊ.

गंमत अशी, की तिच्या प्रश्नाचं उत्तर तिच्याच पत्रात होतं. पान संपलं म्हणून तिने समासात आडवं लिहिलं होतं. मला चष्मा पुसून वाचावं लागलं. तीन वर्षांपूर्वी तिच्या धाकट्या भावाचं अपेंडिक्स रात्री दुखायला लागलं. दवाखान्यात सर्जन हजर, नर्स हजर, खोली तयार. पण भूल देणारे डॉक्टर गावात नव्हते. त्या दुसऱ्या गावाहून यायच्या होत्या. भाऊ कण्हतोय, आई देवाचं नाव घेतेय आणि सगळे नुसते थांबलेत. दीड तासाने एक बाई स्कूटरवरून भिजत आल्या. हेल्मेट काढता काढता त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "शेवटचं काय खाल्लं होतं आणि किती वाजता?" मग भावाला म्हणाल्या, "दहापासून उलटे आकडे मोज बघू."

बस, एवढंच लिहिलंय. मी म्हणतो, अगं, हेच सांग की! हार्ट सर्जनचं ऑपरेशन तू पाहिलंयस का? नाही. मग "हार्ट सर्जनच का?" असा पुढचा प्रश्न आला की काय सांगशील? मुलाखतीत पहिलं उत्तर पाठ करून देता येतं. दुसरं देता येत नाही, तिसरं तर नाहीच. आणि समोर बसलेल्या माणसांनी अशी पाठ केलेली उत्तरं ढिगाने ऐकलेली असतात. सरांचं उत्तर वाईट नाही, पण ते कोणीही देऊ शकतं. त्यात तू कुठे आहेस?

मात्र नुसती आठवण सांगून भागणार नाही हं. थोडा अभ्यास हवा. त्या बाईंनी आधी खाण्याचंच का विचारलं? कारण पूर्ण भूल दिली की खोकण्या-गिळण्याची आपली सवय झोपी जाते. पोटातलं वर आलं आणि श्वासनळीत शिरलं तर जिवावर बेतू शकतं. भूलतज्ज्ञ फक्त झोपवतो, असं बाबांना वाटत असेल. पण ऑपरेशन चालू असताना नाडी, रक्तदाब, श्वास, प्राणवायू या सगळ्यांवर त्याचा डोळा असतो. सर्जन पोटात बघत असतो तेव्हा अख्ख्या माणसाकडे बघणारा हाच. १८४६ साली बोस्टनमध्ये ईथरची भूल देऊन जाहीर शस्त्रक्रिया झाली, त्याआधी रोग्याला चार जणांनी धरून ठेवावं लागे. सर्जनचा हात कितीही कसबी असो, वेळ मिळायचा नाही.

आणि ही गोष्ट तर तुला माहीत असायलाच हवी. १९५२ साली डेन्मार्कच्या कोपनहेगन शहरात पोलिओची मोठी साथ आली. मुलांच्या श्वासाचे स्नायूच लुळे पडत. श्वास देणारी यंत्रं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. तेव्हा ब्यर्न इब्सेन नावाच्या भूलतज्ज्ञाला बोलावलं. बारा वर्षांची एक मुलगी मरणाच्या दारात होती. त्याने तिच्या श्वासनळीत नळी बसवायला लावली आणि रबरी पिशवी हाताने दाबून तिला श्वास दिला, जसा ऑपरेशनच्या वेळी देतात तसा. मुलगी वाचली. पण इतक्या रोग्यांच्या पिशव्या दाबणार कोण? मेडिकलचे विद्यार्थी! हजाराहून जास्त मुलामुलींनी पाळ्या लावून, रात्रंदिवस, कित्येक आठवडे पिशव्या दाबल्या. आजच्या अतिदक्षता विभागाची, आय.सी.यू.ची, सुरुवात तिथली मानतात. त्या विद्यार्थ्यांपैकी कितीकांना तेव्हा माहीत असेल आपण पुढे कशात तज्ज्ञ होणार ते?

म्हणून एक सावधगिरी. "भूलतज्ज्ञच होणार, दुसरं काही नाही" असं मात्र म्हणू नकोस. "ती जागा नाही मिळाली तर?" असा प्रश्न येऊ शकतो. एम.बी.बी.एस.ची साडेचार वर्षं आणि एक वर्ष इंटर्नशिप, हे आधी पार पडायचंय. त्यानंतर लष्करात साधी वैद्यकीय अधिकारी म्हणून कुठल्या तरी तुकडीबरोबर जावं लागेल. तिथे जवानाच्या पायाचा फोड, ताप, पोटदुखी सगळं बघायचं. पुढची जागा परीक्षेवर. हे तुला चालणार आहे का? मनाला नीट विचार. चालणार असेल तर तसं सरळ सांग. शिकता शिकता मन बदललं तर तेही चालतं, पुष्कळांचं बदलतं.

एक काम अजून करता येईल. स्कूटरवाल्या बाईंना जाऊन भेट. रात्रीबेरात्री कितीदा उठावं लागतं, भीती कधी वाटते, विचार. त्या जे सांगतील ते कुठल्या गाईडमध्ये नाही.

आता बाबांसाठी दोन ओळी. (पत्र त्यांना दाखव, मी रागावलेलो नाही.) दादा, लेकीचं नाव व्हावं असं वाटणं साहजिक आहे. पण त्या रात्री दारात उभे राहून रस्त्याकडे कोण बघत होतं? सर्जन तर आतच होते ना?

मुलाखत झाली की लगेच कळव. काय विचारलं, तू काय म्हणालीस, सगळं. निवड झाली नाही तरी कळव. आणि हो, आकडे मोजता मोजता तुझा भाऊ कुठपर्यंत पोचला होता? ते लिहायचं राहून गेलंय बघ.

तुमचा,
काका