दादासाहेब, हिशेब द्या!

महाराष्ट्राच्या सुशिक्षित घरांतून आज एक लूट राजरोस चालू आहे आणि तिला लूट म्हणण्याची कुणाची छाती होत नाही. कारण लुटणारा घरातला थोरला आहे. त्याने खोटा कागद केलेला नाही, कुणाच्या अंगठ्याला शाई लावलेली नाही, कुणावर हात उगारलेला नाही. त्याने काहीच केलेले नाही, आणि हाच त्याचा गुन्हा आहे. वडिलांनी शहाणपणाने मृत्युपत्र केले, दोन साक्षीदारांच्या सह्या घेतल्या, डॉक्टरांचा दाखला जोडला, थोरल्याला एक्झिक्युटर नेमले आणि निश्चिंत मनाने डोळे मिटले. त्याला पाच वर्षे झाली. फ्लॅटला कुलूप आहे आणि किल्ली दादांकडे आहे. ठेवींच्या पावत्या दादांकडे, लॉकरची चावी दादांकडे. गाळ्याचे भाडे महिन्याच्या महिन्याला येते, ते कुणाच्या खात्यात जाते हे विचारायची सोय नाही. विचारले की दादांचा चेहरा पडतो, वहिनी उठून स्वयंपाकघरात जातात आणि ठरलेले वाक्य कानी येते: “माझ्यावर विश्वास नाही का?”

विश्वास होता म्हणूनच वडिलांनी तुमचे नाव लिहिले, दादासाहेब. आता हिशेब दाखवा!

या दिरंगाईचे एक पंचांगच आमच्या घरोघरी तयार आहे. आधी अण्णांचे वर्ष होऊ दे. मग दिवाळी होऊ दे. मग धाकटीची बारावी. मग वकीलसाहेब गावाला गेलेत. मग सोसायटीचा सेक्रेटरी बदलला, नव्याला समजावून सांगायला हवे. आणि सगळी कारणे संपली की शेवटचे, कुणाला खोडता न येणारे: आई आहे तोवर वाटणीचे नाव काढायचे नाही. वा! ज्या आईच्या नावाने हा कुलूपबंद संसार चालतो तिला विचारले आहे का कुणी? मृत्युपत्रात निम्म्या ठेवी तिच्या नावे लिहिलेल्या असतात. औषधाच्या चिठ्ठीवर आकडा वाढला की ती माउली स्वतःच्या पैशांसाठी मुलापुढे हात पसरते आणि मुलगा तिला “लागतील तेवढे देतोच की” असे ऐकवतो. नवऱ्याने दिलेला हक्क मुलाने भिक्षा करून टाकला, आणि नातेवाईक म्हणतात की दादा आईचे फार करतो!

कायदा काय सांगतो? मृताची मिळकत एक्झिक्युटरच्या ताब्यात येते ती मालक म्हणून नव्हे. देणी भागवायची, येणी वसूल करायची आणि उरलेले ज्याचे त्याला पोचते करायचे, एवढ्यासाठीच ती त्याच्या हाती असते. 1925 च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याने त्याला मृत्यूपासून एक वर्षाची सवड दिली आहे. त्या वर्षात कुणालाही त्याच्या वाट्याची रक्कम द्यायला तो बांधलेला नाही. आमच्या रूढीनेही वर्षश्राद्धापर्यंतच दम धरायला सांगितले आहे. धर्म आणि कायदा एका मुदतीवर येतात असे विषय थोडे. हा त्यांतला एक. मग वर्षश्राद्धाचे पान उचलल्यावर पुढची चार वर्षे कुणाच्या खात्यात मांडायची?

बँकांनी वारसांना कसे रडवले ते सांगायला नको. मात्र सप्टेंबर 2025 मध्ये रिझर्व्ह बँकेने त्यांच्या पाठीत रट्टा घातला: कागदपत्रे पुरी झाली की मृत खातेदाराच्या वारसांचा दावा पंधरा दिवसांत निकाली काढा, उशीर झाला तर ठेवीवर बँक दरापेक्षा चार टक्के जास्त व्याज द्या, लॉकरच्या बाबतीत दिवसाला पाच हजार रुपये भरा. म्हणजे परक्या बँकेने सोळाव्या दिवशी दंड भरायचा आणि पोटच्या पोराने पाच वर्षे पावत्या उशाशी घेऊन झोपायचे! बँकेला दारात उभे करायला नियम आहे. दादांना फक्त नमस्कार करायचा आहे.

आणि ही झोप फुकटची नसते. ज्या शेअरवरचा लाभांश सलग सात वर्षे कुणी उचलत नाही, ते शेअर लाभांशासह गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीत जमा होतात. दहा वर्षे हात न लागलेली ठेव रिझर्व्ह बँकेच्या जागरूकता निधीकडे वळते. परत मागता येते, येते. पण मागणाऱ्याने पुन्हा तेच दाखले, तीच शपथपत्रे, तेच हेलपाटे घालायचे. इकडे बंद फ्लॅटचा मेंटेनन्स थकतो, त्यावर व्याज चढते. सोसायटीचा पुनर्विकास ठरतो, सगळ्या सभासदांच्या सह्या होतात आणि एका फ्लॅटपुढची रेघ कोरी राहते, कारण तिथला सभासद स्वर्गवासी आहे आणि त्याचा प्रतिनिधी सवडीत नाही. गावाकडे तर मेलेली माणसे शेतजमिनीची मालक म्हणून नांदतात. वारसाने तीन महिन्यांत तलाठ्याला खबर द्यावी असे जमीन महसूल कायदा सांगतो, तरी 2025 मध्ये सरकारला ‘जिवंत सातबारा’ नावाची मोहीम काढून उताऱ्यावरच्या मृतांची नावे कमी करण्यासाठी गावोगाव फिरावे लागले. ज्या राज्यात सातबारा जिवंत करायला मोहीम लागते, तिथल्या थोरल्या भावांच्या कर्तबगारीबद्दल आणखी काय लिहावे!

हे काम कसे करतात याचे उदाहरण पुण्यातच आहे. 7 ऑगस्ट 1897 रोजी टिळकांचे मित्र बाबामहाराज पटकीने वारले. त्यांच्या मृत्युपत्रात एक्झिक्युटर म्हणून बाळ गंगाधर टिळकांचे नाव होते. टिळक त्या वेळी कुठे होते? राजद्रोहाच्या आरोपाखाली अटक होऊन तीनच दिवसांपूर्वी जामिनावर सुटले होते. पुढच्या महिन्यात त्यांना अठरा महिन्यांची शिक्षा झाली. ‘मला सवड नाही’ असे म्हणायचा अधिकार त्या दिवशी हिंदुस्थानात कुणाला असेल, तर तो या माणसाला होता. त्याने जबाबदारी घेतली. पुढे बाबामहाराजांच्या विधवेने घ्यायच्या दत्तकावरून ताईमहाराज प्रकरण पेटले, 1902 मध्ये जिल्हा न्यायाधीश ॲस्टन यांनी प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्रावरचे कोर्टाचे शिक्कामोर्तब, रद्द केले, टिळकांवर फौजदारी खटला झाला, शिक्षा झाली, 1904 मध्ये हायकोर्टाने ती रद्द केली आणि 1915 मध्ये प्रिव्ही कौन्सिलपर्यंत जाऊन त्यांनी दिवाणी दावा जिंकला. त्या प्रकरणात एका तरुण विधवेच्या इच्छेचा प्रश्न होता आणि त्यावरचे आमचे मत टिळकभक्तांना रुचणार नाही. ते असो. पण मित्राला दिलेल्या शब्दापायी माणूस कोर्टाच्या पायऱ्या अठरा वर्षे झिजवतो, आणि आमच्या दादासाहेबांना जन्मदात्यासाठी म्हाताऱ्या आईला रिक्षात घालून बँकेत नेणे होत नाही.

दादांना ही हिंमत येते कुठून? कायद्याच्या भोकातून. प्रोबेट मिळाल्यापासून सहा महिन्यांत मिळकतीची यादी आणि वर्षाच्या आत जमाखर्च कोर्टात दाखल करावा, असे 1925 चा कायदा बजावतो. मुद्दाम टाळले तर तो फौजदारी गुन्हा मानतो. पण हे घड्याळ सुरू होते प्रोबेट मिळाल्यावर. पुण्यानाशकाच्या, अकोल्यासोलापूरच्या हिंदू घरांत तिथल्याच मिळकतीपुरते प्रोबेट कधी सक्तीचे नव्हतेच, त्यामुळे तिथल्या दादांना यादीही नाही आणि जमाखर्चही नाही. ती सक्ती होती मुंबईत, आणि डिसेंबर 2025 मध्ये संसदेने कलम 213 काढून तीही संपवली. कोर्टाच्या खेपा वाचल्या याचा आनंद आम्हालाही आहे. मुंबईत प्रोबेटसाठी ताटकळलेली माणसे आम्ही पाहिली आहेत. पण सरकारने कोर्टाचे दार काढले आणि त्या दारावर टांगलेले घड्याळही सोबत नेले. हिशेब मागणारा आता कुणीच उरला नाही!

वारसांना उपाय नाहीत असे नाही. मृत्युपत्र दाबून बसलेल्या एक्झिक्युटरला ‘जबाबदारी घेतोस की सोडतोस’ अशी विचारणा कोर्टामार्फत करता येते, आणि तो गप्प राहिला तर दुसऱ्याच्या हाती कारभार देता येतो. येणी वसूल करण्यात हयगय करून त्याने मिळकतीचे नुकसान केले तर ते त्याच्या खिशातून भरून घेता येते. दिवाणी न्यायालयात हिशेबाचा दावा आहे. पण त्याला दूर करायचे असेल तर? तो अधिकार कायद्याने दिला आहे हायकोर्टाला. गडचिरोलीच्या बहिणीने नागपूर गाठावे, सावंतवाडीच्या बहिणीने कोल्हापूर, धुळ्याच्या बहिणीने छत्रपती संभाजीनगर. तिथे वकील लावावा, आणि मग भाऊबीजेला भावाला ओवाळावे. हा उपाय लिहिणाऱ्यांनी मराठी माहेर पाहिलेलेच नाही. माहेरच्या उंबरठ्याची ओल टिकावी म्हणून हजारो लेकी हक्कसोड पत्रावर सही करून मोकळ्या होतात, आणि दिरंगाईचा खरा नफा इथेच आहे: पाच वर्षे थकवले की बहीण स्वतःच म्हणते, मला काही नको, एकदाचे मिटवा. वर नॉमिनी म्हणून दादांचे नाव असले तर पैसा दादांचाच असे तिला पटवले जाते. नॉमिनी हा मालक नव्हे, तो रक्कम स्वीकारणारा हात आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2023 मध्ये पुन्हा सांगितले. पण न्यायालयाचे निकाल माजघरापर्यंत पोचत नाहीत.

सगळेच एक्झिक्युटर लबाड असतात असे आम्ही म्हणत नाही. वडिलांनी कुठल्या पतपेढीत काय ठेवले हे कुणालाच ठाऊक नसते, धाकटा अमेरिकेतून मुखत्यारपत्र पाठवायला वर्ष लावतो, बँकेतला कारकून रोज नवा कागद मागतो, आणि बिनपगारी राबणाऱ्या थोरल्याच्या कपाळी संशय येतो. अशांनी तर आमच्या बाजूने आधी उभे राहावे. दर तीन महिन्यांनी एक कागद: काय मिळाले, काय दिले, काय अडले, कुणामुळे अडले. जो हा कागद भावंडांच्या हाती ठेवतो, त्याला उशीर झाला तरी आम्ही दोष देणार नाही.

मृत्युपत्र करणाऱ्या वडीलधाऱ्यांनाही दोन शब्द ऐकवायला हवेत. थोरला मुलगा म्हणून थोरला, हा विचार तुम्ही केलाच कसा? तुमच्या गोळ्यांच्या वेळा जिच्या तोंडपाठ होत्या आणि पेन्शनचा हयातीचा दाखला जिने दर नोव्हेंबरात भरला, त्या लेकीचे नाव का सुचले नाही? एक नाव लिहिले तर दुसरे पर्यायी लिहा. किती महिन्यांत काम उरकायचे ते लिहा. हिशेब कुणाला दाखवायचा ते लिहा. मुदत चुकली तर कारभार कुणाकडे जाईल तेही लिहा. वकील म्हणेल, याची गरज नसते. वकिलाला सांगा, माझ्या घराण्यात आहे!

पण घरोघरच्या शहाणपणावर हा प्रश्न सोडून सरकारला सुटता येणार नाही. शेजारच्या गोव्यात वारसा उघडला की इन्व्हेंटरीची कार्यवाही असते, मिळकतीचा कारभार पाहणाऱ्याला कोर्टापुढे यादी द्यावी लागते. 2012 मध्ये त्यांनी त्यासाठी स्वतंत्र कायदाही केला. तिथेही प्रकरणे रेंगाळतात, पण निदान यादी कागदावर येते. आमची मागणी याहून साधी आहे. प्रोबेट असो वा नसो, एक्झिक्युटर म्हणून हात घालणाऱ्याने सहा महिन्यांत यादी आणि वर्षात जमाखर्च सर्व लाभार्थ्यांना लेखी द्यावा. न दिल्यास त्याला दूर करण्याचा अधिकार जिल्हा न्यायालयाला असावा आणि अर्ज ठरावीक दिवसांत निकाली निघावा. वर्षानंतर थकलेल्या रकमेवर आजच्या कायद्यात चार टक्के व्याज आहे. तो दर आजच्या बाजाराला धरून वाढवावा, आणि विलंब विनाकारण असेल तर हे व्याज मिळकतीतून न देता दादांच्या स्वतःच्या हिश्श्यातून कापावे. पहिली कपात झाली की किती दादांना अचानक सवड मिळते ते पाहाच!

मृत्युपत्रे आणि उत्तराधिकार हा विषय राज्यघटनेच्या समवर्ती सूचीत आहे. त्यामुळे ‘दिल्लीकडे बोट दाखवा आणि स्वस्थ बसा’ ही सोय मुंबईतल्या मंत्रालयाला नाही. 1994 मध्ये लेकींना वडिलोपार्जित मिळकतीत जन्माने हक्क देताना महाराष्ट्र कुणासाठी थांबला नव्हता. केंद्राला तेच करायला 2005 साल उजाडले. ज्या विधानसभेने लेकीला हक्क दिला, तिनेच तो हक्क तिच्या हातात पडण्याची तारीखही ठरवावी. राष्ट्रपतींची संमती लागेल, मागा. विधेयक दोन पानांत मावेल, नागपूरच्या अधिवेशनात एका दुपारी संमत होईल. त्यासाठी अभ्यास समिती नेमू नका. आणि नेमायचीच असेल, तर तिच्या अध्यक्षपदी कुणा थोरल्या भावाला तेवढे बसवू नका.