कासवाचा परवाना

सील म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे प्रथम येते ते कचेरीतले सील. लाल लाख, तिच्यावर उमटलेला शिक्का आणि शिक्क्यामागे चष्मा पुसत बसलेले साहेब. पण वाचकहो, या नावाचा एक प्राणीही आहे बरे का! मिश्या बाळगतो, मासे खातो आणि पोट भरले की किनाऱ्यावर ऊन खात लोळतो. बहुतेक सील थंड मुलखातले. मात्र ‘मंक सील’ म्हणजे साधू सील या नावाची एक जात आपल्यासारखीच उबदार हवेतली, हवाई बेटांच्या आसपास राहणारी. २०२२ सालच्या अंदाजाप्रमाणे साऱ्या जगात ती उरली सुमारे सोळाशे. आमच्या गिरीजला एखाद्या मोठ्या लग्नात याहून जास्त पाने उठतात!

या सीलची एक चुलतबहीण कॅरिबियन समुद्रात नांदत होती. ती शेवटची खात्रीने दिसली १९५२ साली आणि नामशेष झाल्याचे जाहीर झाले २००८ साली. म्हणजे मृत्यूचा दाखला मिळायलाच छप्पन्न वर्षे लागली. हवाईच्या सीलवर ती पाळी येऊ नये म्हणून तिथले डॉक्टर आणि शास्त्रज्ञ खपत असतात. कुणाच्या तोंडात अडकलेला गळ काढ, कुणाच्या अंगाभोवतीचे जाळे काप, दुबळे पिल्लू उचलून दुसऱ्या बेटावर ने. २०१६ पासून तर त्यांना साथीच्या रोगाची लसही टोचू लागले आहेत.

मात्र यातले काहीही करायचे तर आधी परवाना हवा. अर्जात सगळे लिहायचे: किती जनावरे पकडणार, किती रक्त काढणार, किती वेळा टोचणार, त्यात एखादे दगावलेच तर काय. हा अर्ज सरकारी राजपत्रात छापतात आणि त्यावर हरकत घ्यायला कोणाही नागरिकाला तीस दिवस देतात. हे मी आमच्या वाडीतल्या एका वडीलधाऱ्या गृहस्थांना सांगितले. ते केळीच्या लोंगराला टेकू देत होते. काम न थांबवता म्हणाले, “अरे, बुडत्याला हात द्यायला परवानगी कसली मागतात? आधी काढा वर, मग लिहा कागद!”

प्रश्न बिनतोड वाटला. घरी येऊन मी आपला स्वतःचा कायदा उघडला. योगायोग असा, की अमेरिकेचा समुद्री सस्तन प्राण्यांचा कायदा १९७२ चा आणि आपला वन्यजीव संरक्षण कायदाही १९७२ चाच. त्यात ‘शिकार’ या शब्दाची व्याख्या मोठी वाचनीय आहे. मारणे म्हणजे शिकार, हे झालेच. पण पकडणे ही शिकार, जखमी करणे ही शिकार, सापळा लावणे ही शिकार, सरपटणाऱ्या प्राण्यांची अंडी किंवा घरटे हलवणे हीसुद्धा शिकारच. आपले सागरी कासव या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत बसलेले. त्याच्या शिकारीला निदान तीन वर्षांचा तुरुंग. म्हणजे औषध पाजण्यासाठी कासव धरणारा डॉक्टर आणि कालवणासाठी धरणारा चोर, दोघेही कायद्याच्या दारात एकाच रांगेत उभे!

या रांगेतून डॉक्टरला बाहेर काढते ते कलम बारा. शिक्षण, शास्त्रीय संशोधन, शास्त्रीय व्यवस्थापन अशा ठरावीक कारणांसाठी राज्याचे मुख्य वन्यजीव रक्षक लेखी परवाना देऊ शकतात, आणि तो का दिला ते त्यांनाही लिहून ठेवावे लागते. त्याआधी राज्य सरकारची संमती हवी. प्राणी कासवासारखा पहिल्या अनुसूचीतला असेल तर केंद्र सरकारची.

आता हे नुसते कागदी घोडे आहेत काय? रत्नागिरी जिल्ह्याकडे पाहा. मंडणगड तालुक्यातल्या वेळास गावी चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ या संस्थेने २००२ पासून कासवांची घरटी राखायला सुरुवात केली. रात्री मादी वाळूत शंभरावर अंडी घालून जाते. ती कोल्ह्याकुत्र्यांच्या आणि माणसाच्याही तोंडी पडू नयेत म्हणून हलक्या हाताने काढून कुंपणातल्या वाळूत पुरायची आणि दीड-दोन महिन्यांनी निघालेली पिल्ले समुद्रात सोडायची. व्याख्येप्रमाणे ही शिकार. पण वनखाते पाठीशी उभे राहिले म्हणून हेच रक्षण ठरले आणि एके काळी अंडी खाणाऱ्या किनाऱ्यावर आज लोक पिल्ले पाहायला जातात.

पुढची पायरी २०२२ च्या जानेवारीत आली. राज्याच्या वनखात्याचे कांदळवन प्रतिष्ठान आणि डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था यांनी मिळून वेळासला एका मादीच्या पाठीवर छोटे यंत्र घट्ट चिकटवले. तिचे नाव ठेवले ‘प्रथमा’. पाठोपाठ सावनी, वनश्री, रेवा आणि लक्ष्मी. श्वास घ्यायला कासव वर आले की यंत्र उपग्रहाला निरोप धाडते. लक्ष्मीचे यंत्र काही आठवड्यांतच मुके झाले. बाकीच्यांनी अरबी समुद्रातले आपले रस्ते दाखवले. २०२३ साली गुहागरहून ‘बागेश्री’ निघाली ती दक्षिणेचे टोक ओलांडून श्रीलंकेच्या पलीकडे पोचली. याहून नवल पुढेच. ओडिशात २०२१ साली पायाला बिल्ला लावलेली एक मादी २०२५ च्या जानेवारीत गुहागरच्या वाळूत अंडी घालताना सापडली. सुमारे साडेतीन हजार किलोमीटरांचा फेरा! पूर्व किनाऱ्याची कासवे वेगळी आणि पश्चिमेची वेगळी, ही आपली समजूत एका बिल्ल्याने डळमळीत केली.

हे ज्ञान मोलाचे. पण त्याची किंमत कासवाने मोजली. घर सोडून वाळूवर आलेल्या बाळंतिणीला धरून ठेवायचे आणि तिच्या पाठीवर ओझे चढवायचे. ते ओझे किती वजनाचे, किती जणींवर, कोणाच्या हातून आणि त्यातून काय शिकलात, हे प्रश्न विचारायला कासवाला तोंड नाही. ते प्रश्न परवाना विचारतो. वाडीतल्या गृहस्थांना माझे उत्तर हेच. बुडत्याला हात देणारे सगळेच पोहणारे नसतात. काही जण त्याच्यासोबत फोटो काढायलाही उडी घेतात.

तरी त्यांचे अर्धे म्हणणे मला मान्य आहे. आपल्याकडे कासवाची वीण साधारण नोव्हेंबर ते मार्च. नोव्हेंबरच्या कामाचा कागद एप्रिलात हाती पडला, तर त्या वर्षाची कासवे कागदाची वाट पाहत वाळूवर थांबणार नाहीत. तेव्हा अर्ज कडक तपासा, पण वीण सुरू होण्याआधी होय की नाही ते सांगा. फाइलने तरी कासवाची चाल धरू नये.

शिवाय समुद्रावर पहिला हात पोचतो तो शास्त्रज्ञाचा नव्हेच, कोळ्याचा. पाचूबंदरची एक मावशी बाजारात सांगत होती, “जाल्यात कासव आला तर आमी त्याला देव म्हनून सोडतो रे बाबा. पन जाला कापला तर त्याचा पैसा कोन देनार?” मावशीचा सवाल रास्त होता आणि त्याला उत्तर आहे. कासव, डॉल्फिन, देवमुशी यांसारखा संरक्षित जीव सोडवण्यासाठी जाळे कापावे लागले तर पंचवीस हजार रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना राज्य सरकारने २०१८ च्या डिसेंबरात काढली. पुरावा म्हणून फोटो लागतो. मावशीला हे ठाऊक नव्हते. योजना किनाऱ्यावर पोचायला कोणाचा परवाना अडला होता, कोण जाणे!

आणि पावसाळ्यात पाय तुटलेले कासव वाळूवर दिसले तर? घरच्या टबात नेऊ नये आणि पाण्यात परत ढकलूही नये. दमलेले कासव बुडते. सावली करावी, कुत्री-पोरे लांब ठेवावीत आणि वनखात्याला कळवावे. आपल्याच पालघर जिल्ह्यात डहाणूला अशा कासवांवर उपचार करणारे केंद्र आहे. जाळ्याच्या तुकड्यांनी कापलेली कितीतरी कासवे तिथे बरी होऊन समुद्रात परतली आहेत.

दिवाळी सरली की कोकणच्या वाळूवर माद्या येऊ लागतील आणि पुढे पिल्ले निघतील. अंड्यातून निघालेले पिल्लू उजेडाकडे धावते, कारण रात्री सर्वांत उजळ दिसतो तो समुद्रावरचा मोकळा आभाळाचा पट्टा. किनाऱ्यावर हॉटेलाचा झगझगीत दिवा असला की ते बिचारे उलट्या वाटेने चालू लागते. तेव्हा वाचकहो, दारात पणत्या खुशाल लावा. पण सुटीत समुद्रकाठी उतराल तेव्हा वाळूकडच्या खोलीचा दिवा मालवा आणि हातातली बॅटरी खिशात ठेवा. हे कासवांचे काम असे आहे, की त्याला मुख्य वन्यजीव रक्षकांची सही लागत नाही.