ताळेबंदातली स्थिर मालमत्ता: एकच जमीन, तीन रकाने

‘अमुक कंपनीकडे १०० एकर जमीन पडून आहे, शेअर मात्र कवडीमोल भावात मिळतोय. घेऊन ठेवा!’ असा मेसेज तुमच्या फॅमिली ग्रुपवर एकदा तरी येऊन गेला असेल. निवृत्तीचे पैसे नुकतेच हातात आलेले काका आणि पहिल्या पगारातून बचत करणारा भाचा, दोघांनाही तो पटतो. जमीन म्हटलं की आपल्याला भरवसा वाटतोच.

मेसेज खोटा असेलच असं नाही, पण तो अर्धवट असतो. बाकीची माहिती कंपनीच्या ताळेबंदात ‘स्थिर मालमत्ता’ या मथळ्याखाली असते. आज ती वाचायला शिकूया. त्यासाठी कॉमर्सची पदवी लागत नाही.

स्थिर म्हणजे स्थावर नव्हे

आधी एक गोंधळ दूर करू. स्थावर म्हणजे जागेवरून न हलणारं: जमीन, इमारत. ताळेबंदातल्या ‘स्थिर’चा अर्थ वेगळा आहे. विकण्यासाठी नव्हे, तर वर्षानुवर्षं वापरण्यासाठी घेतलेली वस्तू म्हणजे स्थिर मालमत्ता. त्यामुळे रस्त्यावर धावणारा कंपनीचा ट्रकसुद्धा ‘स्थिर’ ठरतो!

आमच्या राजाजीनगरातलं उदाहरण घ्या. मेट्रोच्या हिरव्या मार्गावर ‘सँडल सोप फॅक्टरी’ नावाचं स्टेशन आहे. शेजारीच म्हैसूर सँडल साबणाचा सरकारी कारखाना आहे. त्याची जमीन, इमारती, साबण तयार करणारी यंत्रं, ऑफिसातले कॉम्प्युटर ही सगळी स्थिर मालमत्ता. गोदामातले साबण आणि चंदनाचं तेल मात्र माल, म्हणजे ‘इन्व्हेंटरी’. ते विकण्यासाठी किंवा उत्पादनात वापरून संपवण्यासाठी असतं.

मग १९१८पासून घराघरांत पोहोचलेल्या ‘म्हैसूर सँडल’ या नावाची किंमत कुठे दिसते? हिशोबाच्या नियमांनुसार, कंपनीने स्वतः घडवलेला ब्रँड ताळेबंदात मालमत्ता म्हणून दाखवता येत नाही. दुसऱ्याकडून विकत घेतलेला ब्रँड मात्र ‘अमूर्त मालमत्ते’त येतो. म्हणजे कंपनीचं सर्वात मौल्यवान काही ताळेबंदात नसूही शकतं.

एकाच मातीचे तीन हिशोब

आता जमिनीकडे येऊ. किर्लोस्कर म्हटलं की आपल्याला सांगली जिल्ह्यातली, १९१०मध्ये वसलेली किर्लोस्करवाडी आठवते. त्याच घराण्यातल्या रवी किर्लोस्कर यांनी १९४६मध्ये बेंगळुरूत किर्लोस्कर इलेक्ट्रिक सुरू केली. तिचा मोटर-जनरेटरचा कारखाना राजाजीनगर–मल्लेश्वरमच्या सीमेवर होता. आज तिथे सुमारे ४० एकरांवर ब्रिगेड गेटवे आहे: फ्लॅट, ओरायन मॉल, वर्ल्ड ट्रेड सेंटर, पंचतारांकित हॉटेल.

माती तीच, पण तिचा हिशोब कसा बदलतो पाहा. कारखानदार तिच्यावर यंत्रं बसवतो, तेव्हा जमीन त्याची स्थिर मालमत्ता असते. बिल्डर तिच्यावर विकण्यासाठी फ्लॅट बांधतो, तेव्हा तीच जमीन त्याचा माल बनते, जसा किराणा दुकानदाराचा तांदूळ. मॉल बांधून गाळे भाड्याने दिले, तर ती होते ‘गुंतवणुकीची मालमत्ता’.

म्हणजे एखादी गोष्ट कोणत्या रकान्यात जाईल, हे तिचा मालक तिचं काय करतो यावर ठरतं. म्हणून ‘१०० एकर जमीन आहे’ एवढं ऐकून भागत नाही. कंपनी तिथे काय करते, हा खरा प्रश्न आहे.

लिहिलेली किंमत कुठली?

ताळेबंदात जमीन साधारणपणे ज्या किमतीला घेतली त्याच किमतीला राहते. ५० वर्षांपूर्वीची खरेदी असेल, तर आकडा ५० वर्षांपूर्वीचा! काही कंपन्या पुनर्मूल्यांकन करतात. मग तसं टिपणांमध्ये लिहावं लागतं. त्यामुळे जुन्या कंपनीच्या जमिनीचा आकडा बाजारभावापेक्षा खूप लहान असू शकतो. मेसेजमधला अर्धा भाग खरा असतो तो इथे.

यंत्रांचं उलट. ती झिजतात, म्हणून दरवर्षी त्यांच्या किमतीतून ‘घसारा’ वजा होतो. स्वतःच्या मालकीच्या जमिनीला घसारा नसतो. कंपनी कायदा, २०१३च्या दुसऱ्या परिशिष्टात वस्तूंचं सर्वसाधारण आयुष्य दिलं आहे: डेस्कटॉप-लॅपटॉप ३ वर्षं, मोटारगाडी ८, फर्निचर १०, सर्वसाधारण यंत्रसामग्री १५, कारखान्याची इमारत ३०.

समजा, १२ लाखांचं यंत्र घेतलं. १५ वर्षांनी ते ५ टक्क्यांना, म्हणजे ६० हजारांना जाईल असं धरलं. उरलेले ११ लाख ४० हजार १५ वर्षांत समान वाटले, तर दरवर्षीचा घसारा ७६ हजार. १० वर्षांनी ताळेबंदात यंत्राची किंमत उरेल ४ लाख ४० हजार.

या ७६ हजारांसाठी दरवर्षी खिशातून पैसे जात नाहीत. ते खरेदीच्या वेळीच गेले. तरी हा खर्च खराच आहे. घरी पिठाची गिरणी टाकणारी ताई रोजची सगळी कमाई नफा समजून खर्च करत गेली, तर गिरणी बिघडेल त्या दिवशी नवीसाठी पुन्हा कर्ज काढावं लागेल. कंपनीचंही तसंच असतं.

वार्षिक अहवालात हे तपासा

शेअर बाजारात नोंद असलेल्या कंपन्यांचे वार्षिक अहवाल बीएसई आणि एनएसईच्या वेबसाइटवर मोफत मिळतात. त्यात ‘प्रॉपर्टी, प्लांट अँड इक्विपमेंट’ हे टिपण उघडा. जुन्या अहवालांत त्याचं नाव ‘फिक्स्ड ॲसेट्स’ असायचं. मग हे पाच प्रश्न विचारा:

१. यंत्रं किती जुनी? मूळ किंमत म्हणजे ‘ग्रॉस ब्लॉक’, घसारा वजा केल्यावर उरते ती ‘नेट ब्लॉक’. वरच्या यंत्राचे १२ लाखांपैकी ४ लाख ४० हजार उरले, म्हणजे जेमतेम ३७ टक्के. यंत्रांचं प्रमाण असं कमी दिसलं, तर मोठा खर्च जवळ आला असू शकतो.

२. नवीन काय घेतलं? वर्षभरातली भर आणि विक्री त्याच तक्त्यात असते.

३. काम अडकलंय का? अपुऱ्या बांधकामाची रक्कम ‘कॅपिटल वर्क-इन-प्रोग्रेस’मध्ये असते. ती किती वर्षांपासून अडकली, हेही आता सांगावं लागतं.

४. जमीन नावावर आहे का, गहाण आहे का? मालकीहक्काची कागदपत्रं कंपनीच्या नावावर नसतील, तर ते जाहीर करावं लागतं. काय तारण ठेवलंय, ते कर्जाच्या टिपणात सापडतं.

५. नफा कशातून आला? जमीन विकली की त्या वर्षीचा नफा एकदम फुगू शकतो. तो ‘एक्सेप्शनल आयटम्स’मध्ये दाखवलाय का पाहा. तीच जमीन पुढच्या वर्षी पुन्हा विकता येणार नाही, म्हणून धंद्याचा नफा वेगळा काढूनच कंपनी जोखा.

मेसेजमधली जमीन खरी असली, तरी तिचे पैसे भागधारकाला मिळण्यासाठी कंपनीने ती विकली पाहिजे किंवा कामाला लावली पाहिजे. विक्री झालीच, तर पैसे आधी बँकेचं कर्ज फेडण्यात जाऊ शकतात. हे व्हायला वर्षं लागतात, आणि काकांना औषधांसाठी पैसे दरमहा लागतात. म्हणून पुढच्या वेळी असा मेसेज आला, की पाठवणाऱ्याला एवढंच विचारा: ‘अहवालातलं कितवं पान?’ उत्तर आलं नाही, तर पैसे बँकेतच राहू द्या. आलं, तर ते पान काकांच्या शेजारी बसून वाचा.