अहिराणीला वर्गात बसू द्या

पहिलीतलं पोरगं उभं राहून सांगतं, “बाई, मन्ही वही घरमा राही गई.” बाई लगेच सुधारतात, “असं नाही बोलायचं. माझी वही घरी राहिली, असं म्हण.” साक्री, शिंदखेडा, पारोळा, अमळनेर या पट्ट्यातल्या शाळांना हा संवाद नवा नाही. बाईंचा हेतू चांगलाच असतो. कित्येकदा त्यांच्या स्वतःच्या घरीही अहिराणीच बोलली जाते. पण पोरगं त्यातून धडा घेतं तो असा, की माय बोलते ते चुकीचं. मग ते वर्गात बोलायचंच टाळू लागतं.

अहिराणी म्हणजे बिघडलेली मराठी, हा समज खुद्द खानदेशातच सर्वांत पक्का आहे. तो खोटा आहे. ग्रिअर्सनने भारतातल्या भाषांची पाहणी केली, तिच्या १९०७ सालच्या खंडात खानदेशीला भिल्ली भाषांच्या शेजारी जागा दिली, मराठीच्या खंडात नाही. जनगणनाही खानदेशी ही मराठीहून वेगळी भाषा म्हणून मोजते आणि अहिराणी तिच्यात धरते. कारण रोजच्या बोलण्यात ऐकू येतं. ‘घरमा’, ‘गावमा’ यांतला ‘मा’ आणि ‘रामना’, ‘रामनी’ यांतला ‘ना-नी’ गुजरातीच्या नात्यातले आहेत. ‘ळ’चा ‘य’ होतो. म्हणून जळगावचं जयगाव आणि केळीची केयी. सुरतेहून बऱ्हाणपूरकडे जाणारी व्यापाराची वाट याच तापीच्या खोऱ्यातून गेली, तिच्या खुणा भाषेत राहिल्या. पुढे रावेर-यावलकडे गेलं की कानावर लेवा गणबोली पडते, जामनेरकडे तावडी. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींची कविता सरसकट अहिराणी म्हणून सांगितली जाते. ती लेवा गणबोलीतली आहे. विद्यापीठाला त्यांचं नाव देणाऱ्या प्रदेशाला हा फरक ठाऊक असायला हवा.

भाषेतून समाज कसा दिसतो, याचं उदाहरण म्हणून नेहमी जपानीकडे बोट दाखवलं जातं. तिथे ‘खाणे’ या एका कृतीला माणसागणिक क्रियापद बदलतं: साधं ‘ताबेरु’, समोरच्या मोठ्या माणसासाठी ‘मेशिआगारु’, स्वतःकडे लहानपणा घेऊन ‘इतादाकु’. कोण कुणापेक्षा वर, हे वाक्य पुरं होण्याआधीच ठरलेलं असतं. अहिराणी याच्या दुसऱ्या टोकाला आहे. घरात मायला ‘तू’, आजीला ‘तू’, आणि बापालाही बहुधा ‘तू’च. प्रमाण मराठीत पुरुष ‘जातो’ म्हणतो आणि बाई ‘जाते’. अहिराणीत दोघंही ‘मी जास’ म्हणतात. यावरून खानदेशी समाज समतेचा होता असं कुणी म्हणू नये. गावात जातींच्या उतरंडी होत्या, आहेत, आणि बाईच्या वाट्याचे कष्ट ‘जास’मुळे हलके झाले नाहीत. पण घरातल्या माणसांमधलं अंतर ही भाषा फार कमी ठेवते. बाहेरच्याला तो ‘तू’ उर्मट वाटतो. बोलणाऱ्याच्या मनात माया असते.

खरी समृद्धी पाहायची तर आखाजीला यावं. अक्षय्य तृतीया उर्वरित महाराष्ट्रात सोनं घ्यायचा मुहूर्त झाली. खानदेशात ती अजून शेताची आणि सासुरवाशिणींची आहे. शेताचं वर्ष इथे आखाजीला वळतं. सालदार, म्हणजे वर्षभराच्या बोलीवर राबणारा गडी, याच दिवशी मोकळा होतो आणि याच दिवशी पुढच्या सालाचा सौदा ठरतो. भाऊ मुराळी होऊन बहिणीला आणायला जातो. पितरांच्या नावाने घागर भरली जाते, खापरावर पुरणपोळी पडते, आमरस निघतो, लिंबाच्या झाडाला झोका बांधला जातो. झोक्यावरची गाणी बायकांची: गौराईची, माहेराची, सासूच्या जाचाची. उंबरठ्याच्या आत जे बोलायची सोय नव्हती, ते झोक्यावर मोठ्याने गाता येत होतं. ही गाणी प्रमाण मराठीत आणली तर अर्थ कळेल, पण झोक्याच्या हेलकाव्याला बसणारी चाल मोडेल. श्रावणात कानबाई या देवीचे रोट होतात, तेव्हा सुरतेच्या उधना-लिंबायतपासून पुण्यापर्यंत पांगलेले भाऊबंद एका घरात जमतात. त्या रात्रीच्या गाण्यांनाही दुसरी भाषा चालत नाही.

शेताची भाषाही तशीच नेमकी आहे. केळी पिकवणाऱ्याला ‘केळीची बाग’ एवढं सांगून भागत नाही; लावणीच्या हंगामाप्रमाणे मृगबाग की कांदेबाग, नव्या लागवडीची नवती की खोडव्याची पिलबाग, यावर पाण्याचं गणित आणि बाजारातला भाव ठरतो.

तरीही आकडे घसरत आहेत. २००१ च्या जनगणनेत खानदेशी बोलणारे २० लाख ७५ हजार होते; २०११ मध्ये १८ लाख ६० हजार. त्याच दहा वर्षांत धुळे जिल्ह्याची लोकसंख्या १७ लाखांवरून २० लाखांपुढे गेली आणि जळगावची ३७ लाखांच्या आसपास होती ती ४२ लाखांवर पोचली. माणसं वाढली आणि बोलणारे घटले. घरात अहिराणी बोलणाऱ्या अनेकांनी मातृभाषेच्या रकान्यात मराठी सांगितली असणार. आणि जी भाषा शाळेत लपवायला शिकवली, ती प्रगणकापुढे तरी कोण कशाला सांगेल?

ओकिनावात हे फार कठोरपणे घडलं. विसाव्या शतकात तिथल्या शाळांमध्ये स्थानिक भाषा बोलणाऱ्या मुलाच्या गळ्यात लाकडी पाटी अडकवत. दुसरा कुणी तसं बोलताना सापडला की पाटी त्याच्या गळ्यात जाई. पोरंच पोरांवर पाळत ठेवू लागली. २००९ मध्ये युनेस्कोने ओकिनावाची भाषा धोक्यातल्या भाषांत नोंदवली. खानदेशात कुणी पाटी अडकवली नाही. हसू आणि दुरुस्ती मात्र रोजची आहे.

मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात दर्जा मिळाला, याचा आनंद खानदेशालाही आहे. अहिराणीची मागणी त्या आनंदाच्या आड येत नाही. शिक्षण हक्क कायद्याचं कलम २९ शक्य तिथे मातृभाषेतून शिकवा म्हणतं, २०२० चं शैक्षणिक धोरणही घरच्या भाषेवर भर देतं. स्वतंत्र पाठ्यपुस्तकं यायला वेळ लागेल. पहिली-दुसरीत मुलाचं अहिराणीतलं उत्तर बरोबर धरायला मात्र कुणाच्या मंजुरीची वाट पाहावी लागत नाही. ‘मन्ही’ आणि ‘माझी’ फळ्यावर शेजारी-शेजारी लिहिले, तर मूल दोन्ही शिकतं आणि कुठल्याच शब्दाची लाज धरत नाही. यूट्यूबवर अहिराणी गाणी कोट्यवधी वेळा वाजतात, लग्नाच्या वरातीत त्यांवर सगळा गाव नाचतो; दुसऱ्या दिवशी शाळेत त्याच भाषेला मज्जाव असावा, हे पटण्यासारखं नाही.

आता पुढची जनगणना येते आहे. तिची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. मागच्या खेपेच्या अर्जात मातृभाषेचा प्रश्न वेगळा होता, आणि येत असलेल्या आणखी दोन भाषांचा वेगळा. तीच रचना असेल, तर मातृभाषा अहिराणी आणि येणारी भाषा मराठी, ही दोन्ही उत्तरं एकाच अर्जात बसतात. प्रगणक दारात येईल, तेव्हा धुळ्या-जळगावच्या घरांनी ती तशीच सांगावीत.