कोश कोणाचा आणि दोष कोणाचा?

संगणकावर मराठी लिहिणाऱ्या सुशिक्षित मंडळींत एक मत अलीकडे इतके रूढ झाले आहे की, त्याविरुद्ध कोणी बोलू लागल्यास लोक त्याची कीव करतात. ते मत असे : वर्ड, लिबरऑफिस इत्यादींत शुद्धलेखन तपासण्याची जी सोय असते ती मराठीच्या कामाची नाही, तिच्या खासगी कोशात आपले शब्द कितीही भरले तरी ती ते विसरते, सबब ती तांबडी नागमोडी रेघ एकदा कायमची बंद करावी हे उत्तम. एरवी कशावरच एकमत न होणारे प्राध्यापक आणि संपादक या एका बाबतीत मात्र एकदिलाने नांदतात! आमचे मत याच्या अगदी उलट आहे, आणि ते आम्ही कोणाची भीड न धरता सांगणार आहोत.

प्रथम 'विसरते' या आरोपाचाच समाचार घेऊ. एखादे गृहस्थ 'कोल्हटकर' हे नाव कोशात जोडतात. पुढच्याच ओळीत 'कोल्हटकरांनी' या शब्दाखाली रेघ उमटते, आणि गृहस्थ संतापून म्हणतात, "आत्ताच तर शिकविले!" परंतु त्यांनी शिकविले होते काय? खासगी कोश म्हणजे एका ओळीस एक शब्द अशी साधी यादी. यादीत जे अक्षरशः आहे तेवढेच तिला मान्य. इंग्रजीचे काम अशा यादीने बहुतांशी भागते, कारण तेथे नामाची रूपे दोनचार. आमच्या भाषेत एका नामास विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये मिळून वीसच धरली, तरी दोन वचनांत चाळीस रूपे झाली; त्यांस 'च' आणि 'ही' लावा, की एकशेवीस! त्यांतले एक देऊन एकशेएकोणीसांची अपेक्षा करणे याला काय म्हणावे? बरे, सामान्यरूप होताना शब्दाचे अंगही बदलते. 'घोडा' जोडला म्हणून 'घोड्यावर' कसे ओळखले जावे?

येथे निर्मात्यांचाही दोष आहे, तो आम्ही झाकीत नाही. वर्डचा खासगी कोश ही प्रत्ययांची अडचण जाणतच नाही. लिबरऑफिस ज्या हन्स्पेलवर चालते, ते मुळात हंगेरियन भाषेसाठी घडले. आणि ती भाषा आमच्याइतकीच प्रत्ययांनी लगडलेली असल्यामुळे त्याच्या कर्त्यांस ही जाण होती. म्हणूनच अलीकडच्या लिबरऑफिसात नवा शब्द जोडताना 'अमक्या शब्दाप्रमाणे चालवावा' असा एक नमुना-शब्द देता येतो. मूळ कोशात त्या नमुन्याचे प्रत्यय नोंदलेले असतील तर नव्या शब्दासही ते लागू होतात. ही सोय रेघेस शिव्या देणाऱ्यांपैकी किती जणांनी उघडून पाहिली आहे?

दुसरे कारण भाषेच्या खुणेचे. वर्ड प्रत्येक मजकुरावर तो कोणत्या भाषेचा हे मनाशी टिपून ठेवते. लिपी एकच असल्यामुळे मराठी मजकुरावर हिंदीची खूण बसते, आणि मग 'आहे' व 'आणि' हेही शब्द हिंदीच्या कोशापुढे आरोपी म्हणून उभे राहतात. अशा वेळी खासगी कोशात शब्द भरीत बसणे म्हणजे चुकीच्या न्यायालयात साक्षीदार वाढविणे होय. मजकूर निवडून भाषा 'मराठी' करावी; मराठीची तपासणी-साधने उतरवून घेतली आहेत ना, हे पाहावे; 'तपासू नये' या चौकटीत खूण नाही ना, हेही पाहावे. 'कोशात जोडा' ही आज्ञाच फिकी पडली असेल, तर मूळ पसंतीचा कोश दुसऱ्याच भाषेस बांधलेला असतो किंवा यादीतील त्याची खूण निघालेली असते. फाईल हाताने तयार करणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे की, वर्डला ती यूटीएफ-16 या संकेतनात हवी असते. लिबरऑफिसची फाईल त्याच '.डिक' नावाची असली तरी तिच्या माथ्यावर ठरावीक शीर्षक लागते. एकीची दुसरीस चालत नाही.

परंतु सर्वांत फसवे कारण डोळ्यांस दिसतच नाही. 'दुसऱ्या' या शब्दातील अर्धा र दोन रीतींनी टंकता येतो : टिंब असलेल्या र ला हलन्त जोडून, अथवा साध्या र ला हलन्त आणि एक अदृश्य सांधणारे चिन्ह जोडून. कागदावर दोन्ही सारखेच; यंत्राच्या लेखी दोन निराळे शब्द. 'ॲ'चीही तीच कथा. त्यास युनिकोडात स्वतंत्र स्थान 2008 साली मिळाले, तत्पूर्वीचे लिखाण 'अ'वर चंद्र ठेवून झालेले. एका कळफलकाने कोश भरावा आणि दुसऱ्याने लेख लिहावा, म्हणजे 'यंत्र विसरले' ही हाकाटी झालीच!

यंत्रास गुरू मानणारा जो दुसरा पक्ष आहे, त्याचेही आम्हांस कौतुक नाही. 'दिन' म्हणजे दिवस आणि 'दीन' म्हणजे गरीब, दोन्ही शुद्ध. तेव्हा 'दिनदुबळे' याचा पूर्वार्ध सुटा लिहिला तर रेघ गप्प बसणार. आणि रेघ दिसली रे दिसली की 'जोडा' म्हणून टिचकी मारणारे तर सर्वांहून घातक. कारण अशाने चूक कोशात शिरते, आणि त्यानंतर ती कधीच सापडत नाही. कोशाची यादी महिन्यातून एकदा तरी उघडून गाळावी. लिबरऑफिसात वर्ज्य शब्दांचा निराळा कोश करता येतो, त्याचाही उपयोग करावा.

मराठी साहित्य महामंडळाचे लेखननियम 1962 साली आले आणि 1972 साली त्यांत चारांची भर पडली. त्यापूर्वीचे ग्रंथ टंकणाऱ्यांस 'नांव', 'कांहीं' अशी अनुस्वारयुक्त रूपे लागतात. त्यांसाठी स्वतंत्र कोश करावा आणि काम संपताच त्याची खूण काढावी. जुने-नवे एकाच कोशात कोंबले, की नव्या लेखातही 'नांव' निर्वेध वावरू लागते, आणि मग कोणते लेखन प्रमाण हा प्रश्न संपादकाच्या माथी येतो.

राहता राहिला संस्थांचा प्रश्न. भाषा संचालनालयाने गेल्या कित्येक दशकांत नाना विषयांचे परिभाषा कोश काढले. विद्यापीठांचे मराठी विभागही आहेत. त्यांनी विषयवार शब्दांच्या, सर्व रूपांसह, दोन्ही आज्ञावल्यांत थेट जोडता येतील अशा फाईली करून विनामूल्य वाटाव्यात. एका विभागातील चार विद्यार्थी सुटीत बसले तर एका विषयाची यादी तयार होईल. प्रत्येक प्रबंधकाराने तेच शंभर शब्द पुन्हा एकेक करून जोडावेत, नवा संगणक आला की सारे गमवावेत, आणि शेवटी रेघ बंद करावी, हा उद्योग आणखी किती वर्षे चालावयाचा आहे?