हे घर, ते घर आणि... ते घर!

फ्रीलान्सरला कसला आलाय वीकएण्ड? तरी शनिवारी सकाळी मी पुण्यात स्पॅनिशच्या क्लासला जाते. एका मैत्रिणीने ओढत नेलं होतं. ती सुटली, मी अडकले!

'ओला', 'ग्रासियास'पर्यंत सगळं मस्त चाललं होतं. मग आली दर्शक सर्वनामं. आपलं किती सोपं! जवळचं 'हे', लांबचं 'ते'. स्पॅनिशमध्ये मात्र पायऱ्या तीन. माझ्याजवळचं 'एस्ते', तुझ्याजवळचं 'एसे' आणि दोघांपासूनही दूर असलेलं 'आकेल'. त्यात पुन्हा लिंगाप्रमाणे रूपं बदलतात. घर म्हणजे 'कासा', ते तिकडे स्त्रीलिंगी. म्हणून एस्ता कासा, एसा कासा, आकेया कासा. जुन्या पुस्तकांत या सर्वनामांवर आघातचिन्ह दिसलं तर घाबरू नका. २०१० मध्ये स्पॅनिश अकादमीनेच ते नसलं तरी चालेल म्हणून सांगितलंय.

अंतर फक्त जागेचंच नाही बरं का, काळाचंही! आजची रात्र 'एस्ता नोचे', कित्येक वर्षांपूर्वीची 'आकेया नोचे'. आमचं कारंजा लाड १९९८ पर्यंत अकोला जिल्ह्यात होतं, मग वाशीम जिल्हा वेगळा झाला. बाबा अजूनही 'त्या' अकोला जिल्ह्याच्या गोष्टी सांगतात. तो 'तो' शंभर टक्के आकेल!

मागच्या आठवड्यात आईचा फोन आला. गुरुमंदिरातली गर्दी, पाण्याची बोंब, शेजारचं लग्न... आणि मग सहज म्हणाली, "ते घर विकून टाकू म्हणतात तुझे बाबा."

"काहून? आणि कोणतं घर?"

"आपलंच गं. आता जिने चढवत नाहीत."

ती त्याच घराच्या स्वयंपाकघरात बसून बोलत होती. व्याकरणाने तिचं ते 'एस्ता'. माझ्यासाठी 'एसा', कारण तिथे ती आहे. पण आईने बसल्या जागेवरून त्याला पार 'आकेया' करून टाकलं होतं. मनाची तयारी अशीच करतात का माणसं?

उद्या घर विकलं, आई-बाबा पुण्यात आले, की माझा भाड्याचा फ्लॅट 'एस्ता' आणि कारंजाचं घर 'आकेया'. मधली पायरीच गायब! आपल्याला 'एसा' म्हणता येतं ते पलीकडे कुणीतरी असतं म्हणून.

या शनिवारी क्लासला दांडी. ट्रॅव्हल्सचं तिकीट काढलंय.

तुमचं 'एसा' घर कुठंय? शेवटचं कधी गेला होतात?